म्युनिकचा हिवाळा, रोजची सायकल आणि भिजणारे पाय: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रेवती (नाव बदलले आहे) मूळची पश्चिम महाराष्ट्रातली. म्युनिकच्या उत्तरेला गार्शिंगच्या संशोधन संकुलात ती पीएचडी करते आणि श्टुडेंटेनश्टाट या विद्यार्थी वसाहतीच्या परिसरात राहते. तिथून संकुलापर्यंत साधारण 10 किलोमीटर, सायकलने 35 ते 40 मिनिटे. इझार नदीच्या काठाने खडीचा रस्ता आहे आणि गावांमधून जाणारा डांबरी सायकलमार्गही आहे. उ-6 मेट्रो थेट संकुलापर्यंत जाते, त्यामुळे सायकल चालवणे ही सक्ती नव्हती. तिला ती चालवायची होती.

सायकल हायब्रिड, टायर 40 मिलिमीटरचे. पॅडल क्लीटवाली, म्हणजे बुटाच्या तळाशी बसवलेला धातूचा तुकडा पॅडलमध्ये अडकवायचा. बूट उन्हाळी, चवड्यावर जाळी असलेले. पुढचे मडगार्ड जेमतेम वीतभर, टायरच्या वर टांगलेले. मोजे घरून आणलेले, सुती. आपल्याकडे पावसात पाय भिजले तर फारसे बिघडत नाही. सँडल घालून निघायचे, पोचल्यावर पाय पुसायचे, झाले. पाणी 25 अंशांचे असते तोवर हे चालते. म्युनिकच्या जानेवारीत तापमान शून्याच्या आसपास रेंगाळते आणि तेच भिजणे वेगळे प्रकरण होऊन बसते.

अडचण

नोव्हेंबरच्या मध्यापासून तक्रार सुरू झाली. पहिली पंधरा मिनिटे ठीक, मग करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर, अर्ध्या वाटेवर सगळा चवडा बधिर. ऑफिसात पोचल्यावर पाऊण तास आग आणि मुंग्या. रेवतीने सुचेल तसे उपाय केले. सुती मोज्यांवर घरून आलेले जाड लोकरी मोजे चढवले. त्रास वाढला. मग मोज्यांवरून प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या. बाहेरचे पाणी थोडे थांबले, पण पोचेपर्यंत मोजे घामाने ओलेचिंब.

दोन्ही उपाय फसले त्याची कारणे साधी आहेत. बूट तेवढाच आणि मोजे दुप्पट, म्हणजे चवडा आवळला जातो. बोटांकडे जाणारे रक्त कमी होते आणि मोज्यांमधली हवा दाबून निघून जाते. ऊब धरते ती हवा, लोकर फक्त तिला जागेवर थांबवते. पिशवीचे गणित उलटे होते. पिशवी मोज्यांच्या बाहेर असेल तर घामाची वाफ आतच अडकते आणि मोजा भिजतो. पिशवी वापरायचीच तर पातळ मोजा, त्यावर पिशवी आणि तिच्यावर जाड मोजा हा क्रम हवा. तेव्हा भिजतो तो फक्त आतला पातळ मोजा आणि ऊब धरणारा कोरडा राहतो. हाही उपाय कोरड्या कडाक्याच्या थंडीत तासाभरासाठी आणि बुटात तेवढी जागा असेल तरच.

जानेवारीत बोटांवर जांभळट लाल, सुजलेले, प्रचंड खाजणारे चट्टे उठले. रात्री पांघरुणात पाय गरम झाले की खाज असह्य व्हायची. डॉक्टरांनी चिलब्लेन असे निदान केले. गारठा आणि ओल यांत कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नंतर झटकन ऊब मिळाली की तिथे दाह होतो. यासाठी तापमान शून्याखाली जावे लागत नाही, ओलसर थंडी पुरते. बोटे आधी पांढरी, मग निळी, मग लाल अशी रंग बदलतात का, हेही डॉक्टरांनी विचारले, कारण तसे असेल तर रेनॉडचा, म्हणजे गारठ्यात बोटांच्या रक्तवाहिन्या अतिरेकी आकसण्याच्या विकाराचा, विचार करावा लागतो. तसे नव्हते. सल्ला असा मिळाला: खाजवायचे नाही, पाय हीटरवर किंवा कढत पाण्यात धरायचे नाहीत, आणि चट्टे बसेपर्यंत पाय गार व ओले होऊ द्यायचे नाहीत. हीटरची सवय रेवतीला होतीच. बधिर बोटांना चटका कळत नाही, म्हणून ही सवय धोक्याची.

पहिला निर्णय: आधी शोध, मग खरेदी

इथवर आल्यावर बहुतेक जण दुकानात जाऊन सर्वांत जाड वस्तू उचलतात. रेवतीनेही आधीच्या महिन्यात 45 युरोचे निओप्रीनचे, म्हणजे फेसाळ रबराचे, बुटावरून चढवायचे बूटकव्हर घेतले होते. ते तिच्या बुटाच्या मापाला अगदी घट्ट बसत होते, म्हणजे आवळण्यात आणखी भर. त्यात तिने बोटे गरम ठेवणाऱ्या चिकट पुड्या ठेवून पाहिल्या. त्या दहा मिनिटांत गार पडल्या. या पुड्यांमध्ये लोखंडाची भुकटी असते. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ती गंजते आणि त्यातून उष्णता निघते. घट्ट बूट आणि वर निओप्रीन, मग हवा मिळणार कुठून?

तेव्हा ठरले की आठवडाभर काहीही विकत घ्यायचे नाही, मेट्रोने जायचे आणि मधले दोन दिवस फक्त चाचणीसाठी छोट्या फेऱ्या मारायच्या. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय हाच.

चाचणी स्वस्त आहे. वर्तमानपत्राच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या कापून चार ठिकाणी ठेवायच्या: बोटांच्या वर, सुकतळ्याच्या खाली क्लीटच्या जागी, टाचेमागे आणि घोट्यापाशी मोज्यात. वीस मिनिटे चालवून पट्ट्या काढायच्या. कुठली आधी भिजली त्यावरून पाण्याची वाट कळते.

चिखलबर्फाच्या दिवशी बोटांवरची आणि क्लीटखालची पट्टी लगदा झाली होती, घोट्याची कोरडी होती. बूट वाळल्यावर आणखी एक पुरावा दिसला. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे पांढरे ओघळ चवड्याच्या पुढून आणि आतल्या बाजूने वर चढलेले होते, वरून खाली आलेले नव्हते. म्हणजे पाणी आकाशातून येत नव्हते, पुढच्या चाकावरून उडत होते. आखूड मडगार्ड डाउनट्यूबला (सायकलच्या सांगाड्याच्या खालच्या तिरप्या नळीला) वाचवत होते, पायांना नाही.

दुसरी चाचणी उणे 4 अंशांच्या कोरड्या सकाळी झाली. चारही पट्ट्या जवळपास कोरड्या, तरी वीस मिनिटांत बोटे बधिर. म्हणजे अडचणी दोन होत्या, आणि एका उपायाने दोन्ही सुटणार नव्हत्या. कोरड्या दिवशीच्या गारठ्याला कारणीभूत होते घट्ट बूट, जाळीतून थेट आत येणारा वारा आणि क्लीटचा धातू. हवा शून्य अंश असताना ताशी 20 किलोमीटरने गेले तर उघड्या कातडीला उणे 5 सारखे वाटते, उणे 5 असेल तर उणे 12 सारखे. जाळीचा बूट वाऱ्याला अडवतच नाही. क्लीटचे दोन बोल्ट तळातल्या धातूच्या पट्टीत जातात, पट्टी सुकतळ्याला टेकलेली असते आणि सुकतळा चवड्याला. आणि हे सगळे पॅडलच्या गार धातूत अडकवलेले.

याच चौकशीत एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट निघाली. बूट रात्रभर इमारतीच्या तळघरात सायकलीजवळ राहायचे, तिथे 5–6 अंश. म्हणजे प्रवास सुरू होण्याआधीच पाय थंडगार बुटात जात होते. अशा बुटाला गरम करण्यात पायाची बरीच उष्णता खर्च होते आणि चालत्या सायकलवर ती भरून निघत नाही. त्याच दिवसापासून बूट घरात आले. खर्च शून्य. पहिल्या पंधरा मिनिटांच्या जागी पंचवीस मिनिटे निभावली.

मिठाचा मुद्दा

बर्फ पडला की पाय गार पडणार, अशी समजूत असते. प्रत्यक्षात उणे 6 चा भुसभुशीत कोरडा बर्फ बुटावरून झटकून टाकता येतो. वाईट दिवस ते जेव्हा तापमान शून्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे असते आणि मुख्य रस्त्यांवर मीठ पडलेले असते. मिठाचे पाणी शून्याखालीही गोठत नाही. साधारण 8 टक्के मीठ असेल तर ते उणे 5 पर्यंत पातळ राहते. म्हणजे बुटात शिरणारे पाणी वितळत्या बर्फापेक्षा गार असू शकते. शिवाय स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यावर पाणी आत येऊ न देणे हे ऊब वाढवण्याच्या आधी येते.

नदीकाठच्या खडीच्या रस्त्यावर हे खारे पाणी नव्हते, पण तिथे हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ काळोख, चिखल, आणि बर्फ वितळून पुन्हा गोठलेले पट्टे. रेवतीने डांबरी मार्ग कायम ठेवला. एकटीने अंधारात घसरण्यापेक्षा ओल्याचा बंदोबस्त करणे बरे, हा तिचा हिशेब आम्हाला पटतो.

समोरचे पर्याय

सैल मापाचे बूटकव्हर घेऊन जुनेच बूट वापरणे सर्वांत स्वस्त होते. पण क्लीटसाठी कव्हरच्या तळाला भोक असते, चालताना तिथेच ते फाटते आणि पाणीही तिथूनच शिरते. संकुलात सायकल लावल्यावर तिला दहा मिनिटे खडीवरून चालावे लागायचे. मूळ बूट अरुंद होते, ते वेगळेच.

क्लीटचे खास हिवाळी बूट चांगले असतात, पण 200 युरोच्या आसपास आणि वर्षातले चार महिने. लांब पल्ल्याच्या, वेगाने चालवणाऱ्याला ते परवडतात. दहा किलोमीटरसाठी क्लीटचा फायदा नगण्य.

जलरोधक मोजे तिने एका मैत्रिणीचे घालून पाहिले. खालून येणारे पाणी थांबले, बूट मात्र भिजून जड आणि गार झाला, आणि गार बुटाला चिकटलेला पाय कोरडा असूनही गारठला.

बॅटरीवर तापणारे मोजे बाजूला ठेवले, कारण रोजचे चार्जिंग आणि ओल्या रस्त्यावरचा भरवसा. ज्यांना रेनॉडसारखा त्रास आहे त्यांच्यासाठी ते योग्य ठरू शकतात. मात्र पायाचे रक्ताभिसरण बिघडलेल्यांनी किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नयेत, चटका बसलेला कळत नाही.

उरला तो पर्याय: क्लीट सोडून सपाट पॅडल आणि घोट्याच्या वर येणारे, एक माप मोठे, हिवाळी चालण्याचे बूट. तोच ठरला.

काय केले

सुरुवात मडगार्डापासून. 40 मिलिमीटरच्या टायरला 55 मिलिमीटर रुंदीचे, चाकाला खालपर्यंत वळसा घालणारे मडगार्ड बसवले. टायर आणि मडगार्ड यांत 15 मिलिमीटर अंतर ठेवले. यापेक्षा कमी ठेवले की चिखलबर्फ तिथे ठासून बसतो आणि गोठला तर चाक अडते. पुढच्या मडगार्डाच्या काड्या, काही अडकल्यास आपोआप सुटणाऱ्या क्लिपांच्याच घेतल्या. अडकलेल्या काडीने पुढचे चाक थांबले तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. यात पैसे वाचवू नयेत.

तरीही मडगार्डाचे खालचे टोक जमिनीपासून 20 सेंटिमीटर वर राहत होते आणि पायांवर येणारे तुषार नेमके तिथूनच उडतात. त्यासाठी मडगार्डाच्या टोकाला खाली लोंबणारा रबरी फडका लावला. गाडीतल्या जुन्या रबरी पायपुसणीतून 3 मिलिमीटर जाडीचा, वर 6 आणि खाली 12 सेंटिमीटर रुंद, 16 सेंटिमीटर लांब तुकडा कापला. मडगार्डाला दोन 5 मिलिमीटरची भोके पाडून रुंद वॉशर घालून दोन बोल्टनी तो आवळला. खालची कड जमिनीपासून 6–7 सेंटिमीटरवर. पहिला फडका पातळ प्लास्टिकचा केला होता, तो वाऱ्याने मागे दुमडायचा आणि थंडीत तडकला. रबर लवचिक राहते आणि फुटपाथच्या कडेला घासले तरी वाकून सुटते. फडका लागल्यावर पट्टीची चाचणी पुन्हा केली: जुन्याच बुटात बोटांवरची पट्टी नुसती दमट, लगदा नाही.

मग बूट. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात, तेव्हा कागदावर उभे राहून पायाचा आराखडा काढला. बुटाची आतली लांबी त्याहून 15 मिलिमीटर जास्त धरली. दुकानात हिवाळ्याचेच मोजे घालून पाहिले. कसोटी एकच: लेस बांधल्यावर पाचही बोटे बुटात वर-खाली हलली पाहिजेत. लेस चवड्यावर सैल, घोट्यापाशी घट्ट, आणि मध्ये दोन पिळांची गाठ, म्हणजे वरचा ताण खाली उतरत नाही.

सुकतळा बदलला. मूळ सुकतळा कागदावर ठेवून आकार काढला आणि 6 मिलिमीटरच्या लोकरी नमद्याचे दोन जोड कापले. एक बुटात, एक वाळत. मोजे दोन: आत पातळ, मेरिनो या मऊ लोकरीचा, वर मध्यम जाडीचा लोकरी. सुती मोजे बंद. सूत ओले झाले की लोळागोळा होऊन कातडीला चिकटते, लोकर वाफ शोषूनही बरीचशी फुगलेली राहते.

पॅडल नायलॉनचे, खिळे असलेले घेतले. अॅल्युमिनियमचेही चालले असते, बुटाचा तळ जाड असेल तर फरक कमी पडतो.

चालवण्यातही थोडा बदल. दर काही मिनिटांनी बोटे आखडून सोडायची, आणि वाटेतल्या चढावर उतरून दोन मिनिटे चालायचे. चालताना घोटा आणि पोटरी हलते, पायातले रक्त खेळते राहते. गुडघ्यांवर वारा अडवणारी पँट आणि हेल्मेटखाली पातळ टोपी आली. शरीराचा मधला भाग गार पडू लागला की ते हातापायांचे रक्त आधी कमी करते, म्हणून टोपीचा पायांशी संबंध आहे.

मध्येच काय बिघडले

फेब्रुवारीत एका मुसळधार पावसाच्या दिवशी नवे बूट आतून पाण्याने भरले. बुटात जलरोधक पडदा होता, शिवण कुठे उसवलेली नव्हती. पाणी वरून आले होते. रेवतीने पावसाळी पँट दुकानात उभी राहून घेतली होती. सायकलवर गुडघा वर आला की तिचा काठ 8 सेंटिमीटर वर सरकतो आणि बुटाचे तोंड उघडे पडते. पोटरीवरून ओघळणारे पाणी मोज्यात, मोज्यातून तळाशी. जलरोधक बूट पाणी आत घेत नाही तसेच बाहेरही सोडत नाही. ते बूट वाळायला दोन रात्री लागल्या.

उपाय म्हणजे छपरावरच्या कौलांसारखा क्रम: वरचा थर नेहमी खालच्याच्या बाहेर. 25 युरोचे आखूड गेटर, म्हणजे घोटा आणि बुटाचे तोंड झाकणारी वेष्टने, घेतले, ते बुटावर, आणि पँट गेटरवर. पँटची लांबी सायकलवर बसून, पॅडल सर्वांत वर असताना तपासली.

वाळवण्याची पद्धतही तेव्हाच बसली. घरी आल्याबरोबर लेस पूर्ण सैल, जीभ बाहेर ओढलेली, सुकतळा काढून उभा. बुटात वर्तमानपत्राचे सैल बोळे, तासाभराने बदलायचे आणि झोपण्याआधी पुन्हा. मुंबईच्या पावसाळ्यात शाळेचे बूट वाळवतात तेच हे. पहिले बोळे न बदलता रात्रभर ठेवले तर ओल तिथेच राहते, ही चूक फार जण करतात. बूट हीटरपासून किमान अर्धा मीटर दूर. हीटरवर ठेवले तर तळाचा गोंद सुटतो आणि चामडे कडक होऊन भेगाळते. ऑफिसच्या खणात मोज्यांचा एक कोरडा जोड आणि घरगुती चपला कायमच्या राहिल्या. पोचल्याबरोबर मोजे बदलले की संध्याकाळचा प्रवास कोरड्या पायांनी सुरू होतो.

निकाल

चट्टे सुमारे तीन आठवड्यांत बसले, त्या हिवाळ्यात पुन्हा उठले नाहीत. उणे 8 पर्यंतच्या सकाळी तिने पूर्ण अंतर पार केले. शेवटच्या पाच मिनिटांत करंगळी गार वाटते, बधिर होत नाही. उणे 10 च्या खाली किंवा रस्त्यावर काचेसारखा बर्फ असेल तर मेट्रो, हा नियम तिने आधीच ठरवून ठेवला आहे. सकाळी दारात उभे राहून विचार करण्याची वेळ येत नाही.

खर्च असा: बूट सवलतीत 120 युरो, मडगार्ड 40, पॅडल 35, गेटर 25, नमदा 8. फडका फुकट. आधी वाया गेलेले 45 युरो वेगळे.

वेगळे काय करता आले असते

मडगार्ड आणि फडका नोव्हेंबरातच लागायला हवा होता. बूट घरात ठेवणे आणि मोज्यांचा एक थर कमी करणे हेही त्याच आठवड्यात, पैसे न घालता, जमले असते. एवढ्यावर डिसेंबर बहुधा निभावला असता आणि बुटांचा निर्णय घाईत घ्यावा लागला नसता.

डॉक्टरकडे जायला उशीर झाला. पोचल्यावर बधिरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर चट्ट्यांची वाट पाहू नये. बोटाची कातडी पांढरी, मेणासारखी, कडक झाली आणि ऊब मिळूनही संवेदना परतत नसेल तर ती हिमबाधा असू शकते. तेव्हा चोळायचे नाही, सरळ रुग्णालय गाठायचे.

क्लीट सोडण्याबाबत आमच्यात मतभेद राहिले. रोज 25–30 किलोमीटर करणाऱ्याने क्लीट ठेवून जुनेच बूट सुधारले असते तरी चालले असते, बूट मुळात सैल असतील तर. तळातल्या क्लीटच्या खाचेवर आतून कापडी चिकटपट्टीचे दोन थर, त्यावर नमद्याचा सुकतळा, जाळीवर बाहेरून तीच पट्टी, आणि एक माप मोठे, 4 मिलिमीटर जाडीचे बूटकव्हर. कव्हरच्या तळाचे भोक फाटू नये म्हणून त्याच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा निओप्रीनच्या गोंदाने चिकटवायचा आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत, निदान एक दिवस, त्यावर पाय ठेवायचा नाही.